वाफसा येईपर्यंत: देवाच्या वेळेवर विश्वास ठेवून वाट कशी पाहावी

मृगाचा पहिला पाऊस पडला की गावात पेरणीची घाई सुरू होते. आमचे अण्णा मात्र त्या पावसाने हुरळून जात नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतात जात, टाचेने माती उकरून चार बोटे खालची माती मुठीत घेत, दाबून तिचा लाडू वळत आणि कमरेच्या उंचीवरून तो सोडून देत. लाडू चपटा होऊन तसाच पडला तर रान अजून ओले आहे, वळलाच नाही तर ओल पुरेशी मुरलेली नाही, आणि जमिनीला टेकताच तो भुरभुर सुटला तर वाफसा आला, म्हणजे रान पेरणीजोगे झाले, असे ते सांगत. पाऊस पाडणे त्यांच्या हाती नव्हते आणि वाफसा एक दिवस अलीकडे ओढणेही त्यांच्या हाती नव्हते. पण रोज सकाळी उठून माती मुठीत घेणे हे त्यांचे काम होते आणि ते काम त्यांनी कधी देवावर सोपवले नाही.

देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या मुठीतल्या मातीविषयी सांगते. बी.एड. झाल्यानंतर ६ वर्षे मी वाट पाहण्यात काढली आहेत. आपल्या हातून काय व्हायचे आहे हे कळत नाही, जे कळते त्याचे दार उघडत नाही, बरोबरीच्या मैत्रिणी मार्गाला लागल्या आहेत आणि घरातली माणसे काही विचारत नाहीत म्हणून आणखीच अवघडल्यासारखे होते, असे ते दिवस होते. त्या काळात मला जे उपयोगी पडले, जिथे मी चुकले आणि वारीच्या वाटेवर जे शिकता आले, ते अशाच अवस्थेत असलेल्या वाचकांसाठी लिहीत आहे. मी वारकरी घरातली असल्याने माझे बोलणे विठ्ठलाभोवती फिरते. ज्यांचे दैवत वेगळे आहे त्यांनी आपल्या दैवताचे नाव मनात धरून वाचावे.

कशाची वाट पाहतो आहोत, ते आधी लिहून काढावे

सर्वप्रथम एक वही घ्यावी आणि आपण कशाची वाट पाहत आहोत ते एका वाक्यात लिहावे. हे वाटते तितके सोपे नाही. मी पहिल्यांदा लिहिले ते वाक्य होते, ‘मला शाळेत नोकरी मिळावी.’ ते वाक्य चुकीचे नव्हते, पण काही महिन्यांनी तेच पान पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की नोकरी हा मार्ग होता आणि माझी ओढ वेगळ्याच गोष्टीची होती: समोर मुले असावीत, त्यांना अक्षर उमगावे आणि ते उमगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मला पाहायला मिळावे. ओढ आणि मार्ग यांत आपण नेहमी गल्लत करतो. मार्ग बंद झाला की देवाने ओढच नाकारली असे समजून खचून जातो, आणि खरे तर बंद झालेला असतो तो फक्त एक रस्ता. म्हणून त्या वाक्याखाली लगेच दुसरे वाक्य लिहावे: हे मला कशासाठी हवे आहे? उत्तरात केवळ लोकांनी काय म्हणावे एवढेच निघाले, तर त्या इच्छेकडे पुन्हा एकदा नीट पाहणे बरे.

त्यानंतर पानाच्या मधोमध उभी रेघ मारून एका बाजूला माझ्या हाती काय नाही आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते लिहावे. जाहिरात कधी निघणार, निवड कोण करणार, पाऊस किती पडणार हे एका बाजूला जाईल. अभ्यास, तब्येत, बोलण्यातला गोडवा, झोपण्याची वेळ, हाती असलेल्या कामातली नीटनेटकी सवय हे दुसऱ्या बाजूला जाईल. प्रार्थनेत पहिली बाजू देवाच्या पायाशी ठेवावी आणि दुसरी बाजू स्वतःच्या हाती ठेवावी. अनेक भाविक माणसे नेमके उलटे करतात. जे आपल्या हाती नाही त्याची रात्रंदिवस काळजी वाहतात आणि जे हाती आहे ते ‘त्याची इच्छा’ म्हणून सोडून देतात.

ही वही रोज उघडू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगते. पेरलेले बी उगवले का हे पाहण्यासाठी रोज उकरणारा माणूस ते मारून टाकतो. आपल्याकडे पंधरा दिवसांनी एकादशी येते, तोच दिवस त्यासाठी धरावा. उपवासाच्या दिवशी पोट हलके असते, मनही थोडे निवांत असते. संध्याकाळी दिवा लावल्यावर वही उघडावी, मागचे वाचावे, जे बदलले असेल ते लिहावे आणि वही मिटून ठेवावी. मधल्या दिवसांत तोच तोच विचार मनात आला तर त्याला ‘एकादशीला पाहू’ असे सांगावे. मला पहिले दोन महिने हे जमले नाही, तिसऱ्या महिन्यापासून जमू लागले, आणि रात्री जे डोळे उघडे राहत ते मिटू लागले.

मशागत थांबवू नये

पाऊस आला नाही म्हणून शेतकरी उन्हाळाभर बसून राहत नाही. नांगरट होते, ढेकळे उन्हात तापतात, कुळवाच्या पाळ्या बसतात, धसकटे वेचली जातात, बी निवडून ठेवले जाते. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, पण त्याची तयारी मार्च-एप्रिलपासून चाललेली असते. वाट पाहणाऱ्यानेही स्वतःला हाच प्रश्न विचारावा: ज्या कामाची मी वाट पाहतो आहे ते उद्या सकाळी दारात येऊन उभे राहिले, तर माझी जमीन तयार आहे का? मी स्वतःला हे विचारले तेव्हा उत्तर नकारार्थी होते. मला शिकवायचे होते, पण पाचवी-सहावीपर्यंत येऊनही मराठी वाचू न शकणाऱ्या मुलाला अक्षरओळख कशी करून द्यायची हे माझ्या पदवीने मला धड शिकवले नव्हते. त्या वर्षी मी ते शिकले, आणि पुढे माझ्या उपयोगी पडले ते एवढेच.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळी येथे १२ वर्षे साधना केली आणि त्यानंतर आणखी १२ वर्षे देशभर पायी तीर्थाटन केले, असे परंपरा सांगते. कृष्णाकाठी येऊन त्यांनी जे काम उभे केले त्याचा आरंभ त्यांच्या वयाच्या छत्तिशीत झाला. पहिली २४ वर्षे वाया गेली असे आज कोणी म्हणणार नाही, पण त्या २४ वर्षांतल्या एखाद्या दिवशी, नदीच्या पाण्यात जप करत उभ्या असलेल्या त्या तरुणाकडे पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याला काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

या मशागतीला रोजचा एक नेम जोडावा. नेम लहान असावा, वेळ आणि जागा ठरलेली असावी. संपूर्ण हरिपाठ म्हणता आला तर उत्तम. नाही जमला तर त्यातला एक अभंग, पण रोज आणि त्याच वेळी. नेमाच्या बदल्यात देवाकडे काही मागू नये. इतक्या माळा जपल्या म्हणजे इतक्या दिवसांत काम होईल, हा व्यवहार झाला, आणि ठरलेल्या दिवशी फळ मिळाले नाही की त्या व्यवहारात श्रद्धाच बुडते. ज्या दिवसांत बाकी सारे अनिश्चित असते त्या दिवसांत एक तरी गोष्ट न चुकता घडते आहे, एवढा आधार मनाला पुरतो, आणि नेमाकडून तेवढेच अपेक्षावे.

हातातले काम खाली ठेवू नये

पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून तिच्यातला धक्का आपल्याला जाणवत नाही. साक्षात देव दारात आला असताना पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपणे सोडून उठला नाही; त्याने एक वीट सरकवली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. देवाला राग आला नाही. तो थांबला, कमरेवर हात ठेवून थांबला, आणि आरतीच्या हिशेबाने अठ्ठावीस युगे झाली तरी थांबलाच आहे. ज्याच्याकडे आपण ‘किती काळ थांबू’ अशी तक्रार घेऊन जातो तो स्वतः एका माणसाच्या हातातले काम संपण्याची वाट पाहत उभा राहिलेला देव आहे, हे कळल्यावर माझ्या प्रार्थनेचा सूर बदलला.

या कथेतून एक स्पष्ट रीत निघते. मोठे काम येईल तेव्हा येईल. आज समोर आलेले काम, ते कितीही साधे असले तरी, जीव ओतून करावे. म्हाताऱ्या आजीला औषध देणे, दुकानाचा हिशेब लिहिणे, भावाच्या मुलांचा अभ्यास घेणे, ही कामे खऱ्या आयुष्याला सुरुवात होण्यापूर्वी वेळ भरून काढण्यासाठी नसतात. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत होत्या, आणि देव त्यांच्या भेटीला आला तो जात्याजवळ आला, अशी श्रद्धा आहे. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत, देव त्यांच्याकडे गेला, असे आमच्या सोलापूर जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितले जाते. आपले नेमून दिलेले काम कुठेतरी दूर आहे आणि तिथे पोहोचल्यावरच आयुष्य सुरू होईल, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, कारण ती आजचा दिवस चोरते आणि बदल्यात काही देत नाही.

दुसऱ्याच्या रानात पाऊस पडताना पाहून

मृगाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडचे रान कोरडे राहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना दुसऱ्याशी तुलना करण्यातला फोलपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही मोबाइलवर रोज कोणाच्या तरी नेमणुकीची, लग्नाची, नव्या घराची छायाचित्रे येतात आणि आपण हळूहळू कोरडे होत जातो. यावर माझा उपाय अगदी साधा होता: अभिनंदन करायचे ते फोन करून किंवा घरी जाऊन करायचे आणि पडद्यावर ते पाहत बसायचे नाही. माणूस समोर असला की त्याच्या आनंदात आपण खरेच सामील होतो. पडद्यावर पाहताना फक्त मोजमाप चालू असते.

ज्ञानेश्वर आणि नामदेव हे एकमेकांचे जिवलग. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली, अवघ्या २१व्या वर्षी आळंदीत समाधी घेतली. नामदेव ८० वर्षे जगले आणि १३५०पर्यंत भागवत धर्माचा झेंडा पंजाबपर्यंत घेऊन गेले. एकाच्या कार्याला २१ वर्षे पुरली, दुसऱ्याच्या कार्याला ८० लागली, आणि कोणाचेही माप दुसऱ्याला लावता येत नाही. वेगळ्या क्षेत्रातले उदाहरण द्यायचे तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे देते. त्यांना मी भाविक म्हणून इथे आणत नाही. त्यांचा पिंड बुद्धिवादी होता. पण वेळ म्हणजे काय हे त्यांच्या आयुष्यातून फार चांगले कळते. मुलगा असताना ते कोकणातल्या मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी १८९६मध्ये काढला, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. महिला विद्यापीठ १९१६मध्ये निघाले, तेव्हा ५८ वर्षांचे. साताऱ्याहून परत फिरलेल्या त्या मुलाला पुढची ही वर्षे कोणी सांगितली असती तरी त्याला खरी वाटली नसती.

वारीत मात्र माझ्या मनातली ही तुलना आपोआप सैल झाली. आळंदी ते पंढरपूर हे अंतर २५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि गाडीने ते एका दिवसात सहज होते. पालखी ते १८-१९ दिवसांत चालते. दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे हेही ठरलेले असते, त्यामुळे पाय कितीही चालत असले तरी आपल्या दिंडीच्या पुढे जाण्यात काही अर्थ राहत नाही. सर्वांत मोठा धडा वाखरीला मिळतो. पंढरपूर तास-दीड तासाच्या वाटेवर आलेले असते, मन तिथे केव्हाच पोहोचलेले असते, आणि तिथेच सगळ्या पालख्या थांबतात, एकमेकींना भेटतात आणि ठरलेल्या क्रमाने पुढे निघतात. पहिल्या वारीत मला त्या मुक्कामी अत्यंत अस्वस्थ वाटले होते. शेजारी बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक माउली पायाला तेल चोळत होत्या. त्यांनी तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, ‘पोरी, आता चोळून घे, उद्या गर्दीत बसायला मिळायचं नाही.’ एवढेच. त्यानंतर मी वाखरीचा मुक्काम पायाला तेल चोळण्यासाठीच असतो असे धरून चालले आहे, आणि ज्यांचे इच्छित अगदी जवळ येऊन अडले आहे त्यांनीही तो तसाच धरावा.

राग आला तर तो देवालाच सांगावा

धीर धरणे म्हणजे गप्प बसणे, अशी एक समजूत आहे आणि ती आपल्या संतांना मान्य नव्हती. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, धंदा बुडाला. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा ते काठावर १३ दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले, अशी कथा आहे. त्यांच्या अभंगांत देवाशी सरळ भांडण आहे, हट्ट आहे, रुसवा आहे. वाट पाहण्याविषयी त्यांनी जे दृष्टांत दिले त्यांतला एक मला फार जवळचा वाटतो: ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली’. सासरी असलेली मुलगी दिवाळीला माहेरून मूळ येईल, भाऊ न्यायला येईल, म्हणून वाटेकडे डोळे लावून बसते. ती तळमळते, दहा वेळा उंबऱ्याशी येते, पण भाऊ येईल की नाही ही शंका तिच्या तळमळीत नसते. विश्वास आणि अधीरता एकाच मनात राहू शकतात, हे या एका ओळीने मला पटवून दिले. अधीर झालो म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे समजून स्वतःला दोष देणे मी त्या दिवसापासून बंद केले.

म्हणून राग आला, रडू आले, तर देवघरासमोर बसून मोठ्याने बोलावे. शब्द निवडू नयेत. आपल्याला जे म्हणायचे आहे ते शेजारणीजवळ किंवा नवऱ्यावर वैतागून काढण्यापेक्षा देवाजवळ काढलेले बरे, तो ऐकून मनात धरत नाही. मात्र बोलून झाल्यावर थोडा वेळ तिथेच बसावे, लगेच उठू नये.

जिथे थांबणे चूक आहे

या विषयावर लिहिणारे बहुतेकजण ही बाजू वगळतात, म्हणून मी ती सविस्तर मांडते. प्रत्येक अडवलेले दार देवाने अडवलेले नसते. संत चोखामेळा आयुष्यभर विठ्ठलाच्या दाराबाहेर राहिले; मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या जातीच्या माणसांसाठी ते दार पुढे सहाशे वर्षे बंदच राहिले. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले, आणि मग मंदिर सर्वांसाठी खुले झाले. ही सहाशे वर्षे देवाची वेळ होती असे कोणी म्हटले तर मी ते कधीही मान्य करणार नाही. तो माणसांनी केलेला अन्याय होता, आणि अन्याय सहन करण्याला श्रद्धेचे नाव देणे हा देवाच्या नावाचा गैरवापर आहे.

तेव्हा वहीतल्या त्या पानावर एक प्रश्न अवश्य विचारावा: मला थांबवले आहे ते परिस्थितीने, माझ्या अपुऱ्या तयारीने, की कोणाच्या अन्यायाने? घरात मारहाण होत असेल, हक्काचा पगार बुडवला जात असेल, मुलगी म्हणून शिक्षण थांबवले जात असेल, तर थांबू नये. मदत मागावी, तक्रार करावी, बाहेर पडावे. एका संस्थेने मला कायम नेमणुकीसाठी काही लाख रुपये मागितले होते आणि ते मागणाऱ्या गृहस्थांनी ‘योग आलाय, सोडू नका’ असे शब्द वापरले होते. अण्णांनी अर्धा एकर विकण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले, आणि त्या वर्षी घेतलेल्या निर्णयांपैकी तेवढा एक तरी बरोबर होता हे मला तेव्हाही कळले होते. देवाची वेळ पैसे भरून अलीकडे आणून देतो असे सांगणारा माणूस कोणत्याही वेषात येवो, त्याला हात जोडून निरोप द्यावा.

आणखी एक. वाट पाहता पाहता झोप उडाली, जेवण सुटले, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागेना, जगणे नको वाटू लागले, तर तो धीराचा किंवा श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. औषध घेतल्याने देवावरचा विश्वास उणा होत नाही, जसा विहीर खणल्याने पावसावरचा होत नाही.

वाफसा आला, हे कसे ओळखावे

आता मुख्य गोष्ट. वेळ आली हे कळायचे कसे? पहिल्या पावसाने कळत नाही, एवढे पक्के. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी काहीजण पहिल्या सरीला चाड्यावर मूठ धरून पेरू लागतात. मग पाऊस ताण देतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. मनाच्या बाबतीत पहिली सर म्हणजे एखादे प्रवचन ऐकून आलेला उत्साह, कोणाचे यश पाहून उठलेली हुक्की, किंवा एखादा योगायोग, ज्याला आपण घाईने देवाचा संकेत म्हणून टाकतो. अशी सर आली की आनंद मानावा, वहीत लिहावे आणि किमान तीन एकादश्या जाऊ द्याव्यात. दीड महिन्यानंतरही ती गोष्ट तितक्याच ओढीने मनात असेल, आणि उत्साह ओसरल्यावरही तिच्यातला कंटाळवाणा भाग करण्याची तयारी असेल, तर ओल खालपर्यंत मुरली आहे असे समजावे.

माझ्या बाबतीत ते असे घडले. दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली आणि पाचटाच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. आमच्या विहिरीवर पाणी भरायला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येई, काखेत लहान भाऊ असे. एके दिवशी हंडा भरेपर्यंत ती गोठ्याजवळ पडलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यापुढे उकिडवी बसली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली, ‘यु... रि...’, आणि अडली. मी ‘या’ म्हटले. तिने मान वर करून पाहिले, पुन्हा पहिल्यापासून वाचले, ‘युरिया’, आणि हसली. आईबापांचा कोयता मार्च-एप्रिलपर्यंत चालणार, तोवर तिची गावाकडची शाळा बुडणार, परत गेल्यावर ती वर्गात मागे पडणार, हे सगळे मला आधीपासून माहीत होते. अशी मुले मी लहानपणापासून पाहिली होती. पण पाहूनही दिसली नव्हती, कारण मी शाळेच्या इमारतीकडे आणि नेमणुकीच्या पत्राकडे डोळे लावून बसले होते.

तरीही मी त्या संध्याकाळी काही सुरू केले नाही. मी थांबले, वहीत लिहिले आणि माती मुठीत घेऊन पाहिली: टोळीच्या मुकादमाशी बोलले, आयांशी बोलले, मुले संध्याकाळी मोकळी असतात की उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांधतात हे विचारले, घरच्यांना विचारले. विरोध होईल अशी मी तयारी ठेवली होती, पण जिथे बोलावे तिथे माणसे सरकून जागा करून देत होती. हे एक लक्षण मी आता भरवशाचे मानते. वेळ आली नसेल तेव्हा सगळी शक्ती लावूनही लाडू फुटत नाही. वेळ आली असेल तेव्हा कष्ट असतातच, पण दमल्यावर चिडचिड होत नाही आणि ढकलावे लागते तेवढेच ढकलले जाते. दुसरे लक्षण असे, की त्या कामाची गरज कोणाला तरी खरोखर असते आणि तो माणूस आपल्याला मोबदल्यात काही देऊ शकत नाही, तरी मन मागे हटत नाही.

ही लक्षणे दिसली नाहीत तर? काहींच्या वाट्याला हवे होते ते येत नाही, आणि हे लपवून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची बारी गोपाळपूरपर्यंत जाते, माणसे रात्र रात्र त्या रांगेत काढतात आणि पायांवर डोके टेकायला क्षणभरच मिळते. एका वर्षी माझ्याबरोबर आलेल्या आत्याला ताप भरला आणि आम्हाला बारी अर्ध्यावर सोडावी लागली. आम्ही नामदेव पायरीला हात लावला, कळसाकडे पाहून हात जोडले आणि एसटी स्थानकाकडे निघालो. आत्या म्हणाल्या की वारी झाली. वारकरी कळसाच्या दर्शनाने वारी पुरी झाली असे मानतो, आणि आत्यांच्या आवाजात कुठेही ‘निदान’ नव्हते. ज्यांना मूल झाले नाही, ज्यांची परीक्षेची वयोमर्यादा उलटून गेली, त्यांना मी उपदेश करणार नाही; त्या दिवशीचा आत्यांचा चेहरा मात्र त्यांना दाखवता आला असता तर बरे झाले असते.

आणि लक्षणे दिसली, तर मात्र उशीर करू नये. वाफसा टिकत नाही. हलक्या रानात तो एक-दोन दिवसांत उडून जातो, भारी रानात थोडा जास्त राहतो, पण कोणासाठी थांबत नाही. अण्णांनी कधी वाफसा आल्यावर पंचांग काढले नाही. लाडू फुटला की दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत पेरणीची पाभर रानात असे. इतके दिवस वाट पाहण्याची सवय झालेल्या माणसाला नेमके हेच जड जाते. वाट पाहणेच इतके ओळखीचे झालेले असते की दार उघडल्यावरही तो उंबऱ्यात घुटमळतो, आणखी एक खूण मागतो, आणखी एक तयारी काढतो. मीही पाट्या आणायच्या राहिल्या आहेत, फळा नाही, असे म्हणत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आईने घरातल्या तीन जुन्या पाट्या माळ्यावरून काढून पुसून माझ्यासमोर ठेवल्या. त्या संध्याकाळी कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत सात मुले आली. तिघांना पाट्या मिळाल्या, आणि उरलेल्या चौघांनी मातीत बोटाने ‘अ’ काढला.